कोपऱ्यांत गेलेला घोडा
(बुद्धिबळाच्या एका डावाचा अभ्यास)



आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर शनिवारीं दुपारीं बुद्धिबळाचे तीनचार पट मांडलेले असतात, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका शनिवारीं मी तेथें उभा असतां एक लहान मुलगा मोठ्या विश्वासानें मला म्हणाला, "सर, आज मी हरणार नाहीं. समोरचा जी खेळी करील तीच मीहि करीन. मग मी हरेन कसा?"

डाव सुरू झाला. दोघांनींहि राजापुढील प्यादें दोन घरें पुढें सारलें. दोघांनींहि राजाकडील घोडा बाहेर काढला. पांढऱ्या घोड्यानें काळें प्यादें मारलें, काळ्या घोड्यानें पांढरें मारलें. पांढऱ्यानें आपला वजीर राजाच्या पुढें आणला, काळ्यानेंहि तसेंच केलें. पांढऱ्या वजिरानें घोडा मारला. आमच्या मित्रानेंहि वजिरानें घोडा मारला, आणि विजयानें माझ्याकडे पाहिलें. पुढच्याच खेळीला पांढऱ्या वजिरानें त्याचा वजीर शहासह उचलून नेला. तो पटाकडे पाहतच राहिला.

त्याची चूक कोठें झाली? नक्कल करणारा नेहमीं एक खेळी मागें असतो. जोंवर पटावर भांडण नाहीं तोंवर हें मागेपण दिसत नाहीं. मोहरे समोरासमोर आले कीं त्या एका खेळीची किंमत वजिराएवढी होते.

परंतु यावरून कोणी असें समजूं नये कीं दोन्ही बाजूंनीं सारखी सुरुवात करणें हा पोरखेळ आहे. मोठमोठे खेळाडूहि पुष्कळदां अशीच सुरुवात करतात. फरक इतकाच कीं सारखेपणा कोठें सोडावयाचा, आणि सोडल्यावर आपले मोहरे कोणत्या घरीं न्यावयाचे, याचा विचार त्यांनीं केलेला असतो. अशा एका प्रसिद्ध डावाचा आज आपण अभ्यास करूं.

१. स्पर्धा व खेळाडू

जर्मनींत एल्ब नदीच्या कांठीं ड्रेस्डेन नांवाचें शहर आहे. तेथें १९२६ सालीं दहा खेळाडूंची एक स्पर्धा झाली. तींत आरोन निम्झोविच व अकिबा रूबिनस्टाइन यांचा हा डाव झाला. निम्झोविच हा १८८६ सालीं रीगा शहरीं जन्मला व पुढें डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें, स्थायिक झाला. बुद्धिबळावर त्यानें लिहिलेले ग्रंथ अद्यापि अभ्यासिले जातात. रूबिनस्टाइन हा पोलंडचा. १९१२ या एकाच वर्षांत त्यानें पांच स्पर्धांत पहिलें किंवा विभागून पहिलें स्थान मिळविलें होतें. शांत, स्वच्छ व अचूक खेळाबद्दल त्याची ख्याति होती. म्हणजे या डावांत हरणारा मनुष्य कोणी नवशिका नव्हता, हें ध्यानांत ठेवावें. ड्रेस्डेनच्या स्पर्धेंत निम्झोविचला नऊ डावांत साडेआठ गुण मिळाले. त्याच्या मागें सात गुण मिळवून अलेखिन होता, जो पुढच्याच वर्षीं, १९२७ सालीं, जगज्जेता झाला. रूबिनस्टाइन साडेसहा गुणांनीं तिसरा आला.

२. डाव वाचण्याची रीति

पट असा ठेवा कीं पांढरीं मोहरीं तुमच्या बाजूला येतील. डावीकडून उजवीकडे आठ उभ्या स्तंभांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशीं नांवें द्या. आडव्या ओळींना खालून वर १ ते ८ असे आंकडे द्या. म्हणजे पांढऱ्या राजाचें घर ई१ व काळ्या राजाचें घर ई८ होतें. पुढें 'रा' म्हणजे राजा, 'व' म्हणजे वजीर, 'ह' म्हणजे हत्ती, 'उं' म्हणजे उंट आणि 'घो' म्हणजे घोडा. नुसतें घराचें नांव असेल तर ती प्याद्याची खेळी समजावी. × ही खूण मारल्याची आहे. प्रत्येक आंकड्यापुढें प्रथम पांढऱ्याची व नंतर काळ्याची खेळी दिली आहे.

जीं वडील मंडळी देशी पद्धतीनें खेळतात त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतों. विलायती पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींत दोन घरें जाऊं शकतें. आणि डावांत एकदां राजाला दोन घरें बाजूस नेऊन हत्तीला त्याच्या पलीकडे आणून ठेवतां येतें. या दुसऱ्या खेळीला किल्लेकोट म्हणतात.

३. प्रारंभ : आरसा आणि त्याचा भंग

१. सी४ — सी५
२. घो एफ३ — घो एफ६
३. घो सी३ — डी५
४. सी×डी५ — घो×डी५
५. ई४ — घो बी४
६. उं सी४ — ई६

पांढऱ्यानें मधलें प्यादें न हलवितां वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें सारलें. पटाच्या मध्यावर थेट चाल न करितां बगलेनें त्यावर जोर आणावयाचा, ही या प्रारंभाची कल्पना. इंग्लंडच्या स्टाँटननें १८४३ सालीं सेंट-अमान या फ्रेंच खेळाडूविरुद्ध तो वापरला, म्हणून याला इंग्लिश प्रारंभ म्हणतात. काळ्यानेंहि तेंच प्यादें तसेंच सारलें कीं दोन्ही बाजू आरशांतल्याप्रमाणें सारख्या दिसूं लागतात.

तिसऱ्या खेळीला रूबिनस्टाइननें आरसा फोडला. त्यानें नक्कल सोडून डी५ येथें प्यादें पुढें केलें व मध्यावर हक्क सांगितला. ही खेळी उत्तम आहे. निम्झोविचचें पांचवें उत्तरहि धाडसाचें आहे. ई४ खेळल्यामुळें डी स्तंभावरील डी३ व डी४ या घरांचें रक्षण आतां कोणतेंहि पांढरें प्यादें नीट करूं शकत नाहीं. काळा घोडा लगेच बी४ वर येऊन डी३ कडे डोळा लावतो. सहाव्या खेळीला काळ्यानें घोडा डी३ वर नेऊन शह दिला असता तर पांढऱ्याला तो घोडा उंटानें मारावा लागला असता, किंवा राजा हलवून किल्लेकोटाचा हक्क गमवावा लागला असता. पण त्यासाठीं काळ्याचा एकच घोडा पुनःपुन्हां खेळला असता व बाकीचें सैन्य घरींच राहिलें असतें. रूबिनस्टाइननें तो मार्ग सोडून ई६ खेळलें. त्यामुळें पांढऱ्या उंटाची वाट अडली खरी, पण त्याचा स्वतःचा सी८ वरील उंटहि अडकला.

७. किल्लेकोट — घो (बी८) सी६
८. डी३ — घो डी४
९. घो×डी४ — सी×डी४
१०. घो ई२ — ए६
११. घो जी३ — उं डी६
१२. एफ४ — किल्लेकोट
१३. व एफ३ — रा एच८
१४. उं डी२ — एफ५
१५. ह (ए१) ई१ — घो सी६
१६. ह ई२ — व सी७
१७. ई×एफ५ — ई×एफ५

(दोन्ही किल्लेकोट राजाच्या बाजूचे आहेत.)

येथें थांबा व पटाकडे नीट पाहा. दोघांचें बळ सारखें आहे. काळ्याचें डी४ वरील प्यादें पांढऱ्याच्या मुलखांत घुसलेलें आहे. तें पांढऱ्याला दाबतें, पण त्याचें रक्षण करण्याचा भारहि काळ्यावर आहे. शेवटच्या मारामारीनें दोन वाटा मोकळ्या झाल्या : एक, ई स्तंभ, ज्यावर पांढरा हत्ती आधींच उभा आहे, दुसरी, सी४ पासून जी८ पर्यंतची तिरकी वाट, जिच्यावर पांढऱ्या उंटाचा दरारा आहे. काळ्याला या उंटासमोर उभें करावयास मोहरा सांपडत नाहीं.

मग पांढऱ्याच्या सैन्यांत आळशी कोण? जी३ वरील घोडा. त्याचीं घरें मोजा. ई२ वर स्वतःचा हत्ती, एफ१ वर स्वतःचा दुसरा हत्ती. ई४ वर गेला तर एफ५ वरील प्यादें मारील. एफ५ वरील प्याद्यालाच मारावें तर तें हत्ती व उंट राखीत आहेत. एच५ वर जातां येतें, पण तेथून पुढें करावयाचें कांहीं नाहीं. राहिलें एकच घर, एच१, पटाचा कोपरा.

४. अठरावी खेळी

१८. घो एच१

आमच्या अभ्यासमंडळांत हा डाव मांडला तेव्हां खेळ्या वाचण्याचें काम एका मोठ्या मुलाकडे होतें. त्यानें ही खेळी वाचली, थांबला, पुन्हां कागद पाहिला व म्हणाला, "सर, छापण्यांत चूक आहे." मीं सांगितलें, चूक नाहीं. तेव्हां तो हळूच म्हणाला, "म्हणजे हा घोडा नापास झाला!" सगळे हंसले; तो मात्र हंसला नाहीं. त्याचें कारण मला ठाऊक होतें, तें पुढें सांगेन.

घोडा कोपऱ्यांत ठेवूं नये हा नियम आपण पहिल्या दिवशींच शिकतों. मधल्या घरांतून घोडा आठ घरांवर मारा करतो, कोपऱ्यांतून फक्त दोन घरांवर. असें असतां निम्झोविचनें तो कोपऱ्यांत कां नेला? त्याला घोडा एच१ वर नको होता. त्याला तो जी५ वर पाहिजे होता, काळ्या राजाच्या दारांत, जेथून तो उंटाच्या जोडीनें वार करूं शकेल. जी५ ची वाट एच१, एफ२, एच३ अशी होती. म्हणून पहिलें पाऊल मागें पडलें.

१८. … — उं डी७
१९. घो एफ२ — ह (ए८) ई८
२०. ह (एफ१) ई१ — ह×ई२
२१. ह×ई२ — घो डी८
२२. घो एच३ — उं सी६
२३. व एच५ — जी६
२४. व एच४ — रा जी७

रूबिनस्टाइनच्या एकेका खेळीला नांव ठेवावयास सहसा जागा नाहीं. तो हत्ती आणतो, उंट आणतो, घोडा मदतीला फिरवितो. परंतु त्याचे मोहरे समोरच्या धमकीला उत्तर देतात, आणि निम्झोविचचे मोहरे एका ठरलेल्या घराकडे चालतात. पांढऱ्या वजिरामुळें काळ्याला जी६ खेळावें लागलें. तेणेंकरून त्याच्या राजाभोंवतींचीं काळ्या रंगाचीं घरें उघडीं पडलीं.

५. आणखी दोन माघारी

२५. व एफ२

पुन्हां मागें! हल्ल्यावर गेलेला वजीर परत आला. पण एफ२ वरून तो त्या डी४ वरील एकाकी प्याद्यावर नेम धरतो. प्यादें राखावयास काळ्याला आपला उंट डी६ वरून काढावा लागतो.

२५. … — उं सी५
२६. बी४ — उं बी६
२७. व एच४ — ह ई८
२८. ह ई५ — घो एफ७
२९. उं×एफ७ — व×एफ७
३०. घो जी५ — व जी८

डी६ वरील उंट ई५ व ई७ या दोन्ही घरांवर पहारा करीत होता. बी४ च्या धक्क्यानें तो बी६ वर गेला, आणि तेथून त्याला आपल्या राजाचें रक्षण करतां येत नाहीं. पहारेकरी हटतांच पांढरा वजीर पूर्वीच्या जागीं गेला व हत्ती ई५ वर चढला. पटावर वजीर होता तेथेंच आहे, पण काळ्याचा उंट मात्र दूर गेला आहे. दोन खेळ्यांची ये-जा व्यर्थ नव्हती, हें आतां दिसतें.

आणि तिसाव्या खेळीला घोडा जी५ वर पोंचला. आरंभापासून त्याच्या खेळ्या मोजा : सी३, ई२, जी३, एच१, एफ२, एच३, जी५ अशा सात. मोकळ्या पटावर बी१ वरून जी५ ला घोडा तीन खेळ्यांत जातो. पण डावाचा पट मोकळा नसतो.

३१. ह×ई८ — उं×ई८
३२. व ई१

तिसरी माघार, आणि या वेळीं थेट पहिल्या ओळींत. ई स्तंभ आतां पूर्ण मोकळा आहे. ई१ वरून वजीर ई८ च्या उंटावर नेम धरतो, आणि उंट हलला कीं काळ्याच्या घरांत शिरतो.

३२. … — उं सी६
३३. व ई७ शह — रा एच८
३४. बी५

या लहानशा प्याद्यानें डाव संपविला. काळ्याचा सी६ वरील उंट सहाव्या ओळींत भिंतीसारखा उभा आहे. तो तेथून हलला तर पांढरा वजीर एफ६ वर शह देतो. काळ्यानें वजीर जी७ वर मध्यें घातला तरी पांढरा वजीर त्याच ओळीनें जाऊन बी६ वरील दुसरा उंट फुकट मारतो. उंट न हलवितां काळ्यानें ए६ च्या प्याद्यानें बी५ मारलें तर घोडा ई६ वर जातो व जी७ वर मात करण्याची धमकी उभी राहते.

३४. … — व जी७
३५. व×जी७ शह — रा×जी७
३६. बी×सी६

काळ्याचा एक उंट गेला, त्याच्या बदल्यांत एका प्याद्याखेरीज कांहीं मिळावयाचें नाहीं. येथें रूबिनस्टाइननें डाव सोडला.

६. बोध

या डावांत निम्झोविचच्या ज्या तीन माघारी आपण पाहिल्या, त्या तिन्ही खेळ्यांनीं डाव पुढें नेला. पण म्हणून मागें जाणें ही स्वतः कांहीं चांगली गोष्ट आहे असें समजूं नका. भीतीनें मागें घेतलेला मोहरा मागेंच राहतो. एच१ ही खेळी चांगली ठरली ती केवळ जी५ मुळें. उद्यां आपल्या ओट्यावर कोणी घोडा कोपऱ्यांत नेला तर त्याला हंसूं नका, आणि त्याची स्तुतीहि करूं नका. त्याला एवढेंच विचारा : "येथून कोठें जाणार?" उत्तर असेल तर खेळी विचाराची, नसेल तर ती नुसती माघार.

आतां त्या मोठ्या मुलाविषयीं. तो गतवर्षीं वार्षिक परीक्षेंत उतरला नाहीं, व त्याच वर्गांत पुन्हां बसला आहे. त्याच्या बरोबरीचे पुढें गेले. मागून आलेलीं लहान मुलें त्याच्या बांकावर बसलीं. जून महिन्यांत त्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले होते. "मास्तरसाहेब," ते म्हणाले, "पोराचें एक वर्ष फुकट गेलें. आणखी एक कशाला घालवूं? शेतीवर लावतों." त्यांचें दुःख खरें होतें, आणि फीचे पैसे त्यांनीं कसे उभे केले होते तें मला माहीत होतें. त्यांना खोटा धीर देणें मला बरें वाटेना. मीं इतकेंच म्हटलें, "दाखला उद्यां देतों. आज मुलालाच विचारूं, या वर्षांत त्याला काय करावयाचें आहे." मुलगा बराच वेळ खालीं पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, मला बीजगणित सातवीपासूनच येत नाहीं. वर्गाबरोबर पुढें गेलों, पण समजलें कधींच नाहीं. या वर्षीं तेवढें पहिल्यापासून करीन." वडिलांनीं त्याच्याकडे पाहिलें, आणि दाखल्याची गोष्ट त्या दिवशीं तेथेंच राहिली.

डाव मांडला गेला तो त्यानंतर दोन महिन्यांनीं. सारे उठून गेल्यावर तो मुलगा एकटा पटापाशीं बसून तो घोडा जी३ वरून एच१, एफ२, एच३, जी५ असा हलवून पाहत होता. मीं कांहीं बोललों नाहीं.

त्याची परीक्षा अजून व्हावयाची आहे. तो उतरेलच असें मी लिहीत नाहीं, कारण डाव संपण्यापूर्वीं निकाल सांगणें योग्य नव्हे. परंतु ज्या पालकांच्या घरीं असा एखादा मुलगा वा मुलगी असेल, त्यांना माझी विनंति आहे कीं, "मागें कां राहिलास?" हा प्रश्न एकदां विचारून झाला असेल, तर आतां दुसरा विचारावा : "येथून कोठें जाणार?" आणि उत्तर यावयास वेळ लागला तर थोडें थांबावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. सतराव्या खेळीनंतरचा पट मांडा. काळ्याच्या बाजूनें खेळून आपला सर्वांत आळशी मोहरा कोणता तें ठरवा, व त्याला चांगल्या घरीं नेण्यास किती खेळ्या लागतील तें मोजा.

२. पंचविसाव्या खेळीला काळ्यानें डी४ वरील प्यादें सोडून देऊन उंट डी६ वरच ठेवला असता तर पांढऱ्याला ई५ वर हत्ती नेतां आला असता काय?

३. लेखाच्या आरंभीं दिलेल्या मुलांच्या डावांत काळ्यानें नक्कल कोणत्या खेळीपूर्वीं सोडावयास हवी होती? पट मांडून उत्तर काढा व शनिवारीं ओट्यावर घेऊन या.